रुग्णालयीन परिचर्येतील एआय साधनांचे मूल्यमापन करणारे संशोधक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यापीठांच्या परिचर्या विभागांत आणि आरोग्यविज्ञान केंद्रांत अलीकडे एक नवे पद दिसू लागले आहे. रुग्णालयात परिचारिकांच्या हाती येणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या, म्हणजे आता सर्वांच्या तोंडी असलेल्या एआयच्या, साधनांची पारख करणाऱ्या संशोधकाचे हे पद आहे. परिचर्येच्या पदवीधरांकडून, वॉर्डात काम करणाऱ्या अधिपरिचारिकांकडून आणि संख्याशास्त्र किंवा संगणकशास्त्र शिकून इकडे वळू पाहणाऱ्यांकडून या पदाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. मी स्वतः वॉर्डातून संशोधनाकडे आले असल्यामुळे काही उत्तरांत माझी मते आली आहेत. ती मते म्हणूनच वाचावीत.

या पदावरील व्यक्ती नेमके काय तपासते?

एखादे साधन रुग्णाची प्रकृती खालावण्याचा धोका कितपत बरोबर ओळखते, हा या कामाचा पहिला आणि तुलनेने सोपा भाग आहे. अवघड भाग त्यानंतर सुरू होतो. इशारा आला तेव्हा सिस्टर कोणत्या खाटेजवळ होती, तिने हातातले काम सोडून रुग्णाकडे धाव घेतली का, डॉक्टरांना फोन केला का, डॉक्टर किती वेळाने आले, आणि या सगळ्यामुळे त्या रुग्णाच्या बाबतीत काही वेगळे घडले का, हे शोधून काढावे लागते. इशारा संगणकाच्या पडद्यावर येतो, पण त्याचे फळ खाटेपाशीच मिळते किंवा वाया जाते. म्हणून या संशोधकाचे निम्मे काम माहितीच्या तक्त्यांत आणि निम्मे काम वॉर्डात उभे राहून चालते, आणि यांपैकी एकच करणाऱ्याचे मूल्यमापन मला अपुरे वाटते.

वॉर्डाच्या संदर्भात "एआय साधन" म्हणजे कोणकोणती साधने?

सेप्सिसचा, म्हणजे जंतुसंसर्गामुळे शरीराच्या यंत्रणा एकेक करून कोलमडण्याचा, धोका वर्तवणारी साधने सर्वांत जास्त चर्चेत आहेत. त्याखेरीज रुग्ण पडण्याचा किंवा त्याला बेडसोर होण्याचा अंदाज देणारी, गादीखाली किंवा मनगटावर बसवलेल्या संवेदकांवरून नाडी आणि श्वसन सतत मोजणारी, ड्युटी लावण्यास मदत करणारी, आणि बोललेले ऐकून नोंद किंवा हँडओव्हरचा, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती पुढच्या पाळीकडे सोपवण्याचा, सारांश लिहून देणारी साधने आहेत.

येथे एक गोष्ट विसरू नये. परिचारिकांना धोका मोजण्याची सवय नवी नाही. बेडसोरसाठी ब्रेडन मापनश्रेणी १९८७ पासून प्रसिद्ध आहे, पडण्याच्या धोक्यासाठी मॉर्स मापनश्रेणी १९८९ पासून आहे, आणि नाडी, रक्तदाब, श्वसन, तापमान, ऑक्सिजन यांना गुण देऊन प्रकृती खालावण्याचा इशारा देणारी न्यूज ही पद्धत लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणली आणि २०१७ मध्ये सुधारली. या पद्धती कागदावर, पेनाने, वीज नसतानाही चालतात. तेव्हा नव्या साधनाची तुलना "काहीच नसण्याशी" करणे ही फसवणूक ठरते. तुलना या जुन्या, स्वस्त पद्धतींशीच झाली पाहिजे.

कंपनीने अचूकतेचे आकडे दिलेले असताना विद्यापीठाने पुन्हा तपासण्याची गरज काय?

याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. एपिक या कंपनीचे सेप्सिसचा अंदाज देणारे साधन तेथील शेकडो रुग्णालयांत वापरात होते. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी ते आपल्या रुग्णालयातील सुमारे ३८ हजार भरतींच्या नोंदींवर तपासले आणि निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. सेप्सिस झालेला एक रुग्ण आणि न झालेला एक रुग्ण अशी जोडी घेतली, तर पहिल्याला जास्त गुण देण्यात साधन किती वेळा बरोबर ठरते, हे सांगणारा आकडा ०.६३ आला. हा आकडा ०.५ असता तर ती निव्वळ नाणेफेक झाली असती, आणि कंपनीने सांगितलेला आकडा बराच वरचा होता. या साधनाने एकूण भरतींपैकी १८ टक्के वेळा इशारा दिला, आणि तरीही सेप्सिसच्या ६७ टक्के रुग्णांना ओळखले नाही. एवढी मोठी गोष्ट बाहेरच्या संशोधकांनी स्वतंत्रपणे तपासेपर्यंत उघड झाली नव्हती.

त्यानंतर २०२४ मध्ये त्याच विद्यापीठातून आणखी एक तपासणी पुढे आली, आणि परिचारिकांनी ती मुद्दाम समजून घ्यावी असे मला वाटते. डॉक्टरांनी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का हे पाहणारी तपासणी, मागवले, प्रतिजैविक सुरू केले, की त्या गोष्टी नोंदीत जातात, आणि साधन त्या नोंदींवरूनच "धोका आहे" म्हणू लागते. म्हणजे माणसांना आधीच आलेला संशय साधन परत आपल्यालाच ऐकवते. संशोधकांनी ब्लड कल्चर मागवण्याच्या आधीची माहिती तेवढी ठेवून पाहिले, तेव्हा तो आकडा ०.५३ वर आला. म्हणून कोणताही अचूकतेचा दावा समोर आला की या पदावरील व्यक्तीने पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो: ही अचूकता कोणत्या क्षणाची आहे, आणि त्या क्षणी सिस्टरला आधीच काय ठाऊक होते?

सगळीच साधने अशी निघतात असे मात्र नाही. सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने स्वतः घडवलेले कंपोझर हे साधन आपल्या दोन आपत्कालीन विभागांत लावले आणि सेप्सिसमुळे होणाऱ्या मृत्यूंत सुमारे १७ टक्क्यांची सापेक्ष घट झाल्याचे २०२४ मध्ये मांडले. ती आधी आणि नंतरची तुलना होती, आणि अशा तुलनेच्या मर्यादांविषयी पुढे लिहिले आहे.

साधन शंभरातले नव्वद वेळा बरोबर असेल, तर बहुतेक इशारे खोटे कसे असू शकतात?

हे गणित प्रत्येक अर्जदाराने स्वतः कागदावर करून पाहावे. समजा, वॉर्डांतून १,००० रुग्ण गेले आणि त्यांतील २० जणांची प्रकृती खरोखर खालावली. साधन अशा रुग्णांपैकी ८० टक्क्यांना ओळखते, म्हणजे १६ जण सापडले. उरलेल्या ९८० पैकी ९० टक्क्यांना ते बरोबर सोडून देते, म्हणजे १० टक्के, अर्थात ९८ जणांसाठी विनाकारण इशारा वाजतो. एकूण इशारे ११४, त्यांतले खरे १६. सात वेळा धावावे तेव्हा एकदा खरे कारण सापडते, आणि ४ रुग्ण तरीही निसटतात.

एवढे धावणे परवडते का, हे वॉर्डावर अवलंबून असते. अतिदक्षता विभागात एका सिस्टरकडे एक किंवा दोन रुग्ण असतील तर कदाचित परवडेल. रात्रपाळीत भरलेला जनरल वॉर्ड एकटीने सांभाळणारी सिस्टर आठवड्याभरात त्या आवाजाकडे दुर्लक्ष करायला शिकेल, आणि त्यात तिचा दोष नाही. अमेरिकेत जॉइंट कमिशन या संस्थेने २०१३ मध्ये यंत्रांच्या गजरांबाबत रुग्णालयांना सावध केले होते, तेव्हा ८५ ते ९९ टक्के गजरांना प्रत्यक्ष कृतीची गरज नसते, असा अंदाज त्यात दिला होता. आधीच वाजणाऱ्या या सगळ्यात आपण आणखी एक आवाज मिसळतो आहोत, याचे भान मूल्यमापन करणाऱ्याला हवे.

परिचारिकांच्या अनुभवाला अशा साधनात काही स्थान असते का?

असते, आणि याचे मला ठाऊक असलेले सर्वांत चांगले उदाहरण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या परिचर्या विद्यालयातील सारा रोसेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेले कन्सर्न हे साधन आहे.

त्यामागची कल्पना वॉर्डात राबलेल्या कोणालाही लगेच पटेल. एखाद्या रुग्णाचे सगळे आकडे ठीक असतात, तरी सिस्टरला काहीतरी खटकते. रुग्ण नेहमीसारखा उत्तर देत नाही, चेहरा उतरलेला वाटतो, रात्रभर चुळबुळ करतो. अशा वेळी ती दर चार तासांनी घ्यायचा रक्तदाब दोन तासांनीच घेते, झोपलेल्या रुग्णाला उठवून तापमान पाहते, नोंदीशेजारी एखादी ओळ जास्त लिहिते, ठरलेले एखादे औषध तूर्त थांबवून डॉक्टरांना विचारते. कन्सर्न हे साधन रक्तदाबाच्या आकड्यापेक्षा या वागण्याकडे अधिक पाहते. तो कधी घेतला, किती वेळा घेतला, सोबत काय लिहिले, यावरून परिचारिकेची वाढती काळजी ओळखून ते हिरवा, पिवळा किंवा लाल असा इशारा संपूर्ण चमूला दाखवते. म्हणजे जी शंका एरवी हँडओव्हरच्या वेळी हळू आवाजात सांगितली जाते, तिला नोंदीत वजन मिळते.

या साधनाची चाचणीही नीट झाली. दोन आरोग्यसंस्थांमधील ७४ विभागांपैकी काहींना साधन मिळाले आणि काहींची नेहमीची पद्धत चालू राहिली, आणि कोणाच्या वाट्याला काय यावे हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निव्वळ योगायोगाने ठरवले. वर्षभरात ६० हजारांहून अधिक भरती त्यात आल्या. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार साधन असलेल्या विभागांत मृत्यूचा धोका ३५.६ टक्क्यांनी आणि रुग्णालयातील मुक्काम ११.२ टक्क्यांनी कमी आढळला.

त्याच अहवालातील एक आकडा मी विद्यार्थ्यांपुढे नेहमी ठेवते. साधन असलेल्या विभागांतून अतिदक्षता विभागात अचानक हलवले जाण्याची शक्यता २४.९ टक्क्यांनी वाढली. वरवर पाहता हे वाईट वाटते, कारण अनेक रुग्णालये असे स्थलांतर हे अपयशाचे लक्षण म्हणून मोजतात. पण मृत्यू कमी झाले आणि स्थलांतरे वाढली, तर रुग्ण वेळेत हलवले गेले असा अर्थ निघतो. यश कशाला म्हणायचे हे आधी न ठरवता आकडे गोळा करणारा संशोधक येथे उलटा निष्कर्ष काढून मोकळा झाला असता.

एक सावधगिरी मात्र हवी. हे साधन ज्या रुग्णालयांत घडले, तेथे प्रत्येक नोंद संगणकात वेळेच्या शिक्क्यासह जाते. आपल्याकडे पाळी संपताना सगळे बीपी एकदम चार्टवर उतरवण्याची वेळ येत असेल, तर त्या नोंदींतून काळजीचा माग लागणार नाही.

साधन लावण्याआधीचे सहा महिने आणि नंतरचे सहा महिने, अशी तुलना पुरेशी का नाही?

मुंबईतला कोणताही मेडिसिन वॉर्ड डोळ्यांसमोर आणावा. पावसाळा सुरू झाला की मलेरिया, डेंग्यू, लेप्टोचे रुग्ण वाढतात, खाटा भरतात, जमिनीवर गाद्या घालाव्या लागतात. साधन ऑक्टोबरात लावले आणि मृत्यू कमी झाले, तर श्रेय साधनाचे की पाऊस ओसरल्याचे? त्याशिवाय मधल्या काळात नवीन निवासी डॉक्टर रुजू होतात, इनचार्ज सिस्टर बदलतात, एखादे प्रशिक्षण होते. काही वॉर्डांना साधन देऊन काहींना न देणे, किंवा सर्व वॉर्डांना ते टप्प्याटप्प्याने देणे आणि कोणाचा क्रम कधी हे चिठ्ठीने ठरवणे, हा यावरचा जुना आणि चांगला उपाय आहे. रुग्णवार विभागणी बहुधा जमत नाही, कारण एकाच सिस्टरने पाच नंबरच्या खाटेसाठी इशारा पाहायचा आणि सहा नंबरसाठी पाहायचा नाही, हे माणसाच्या स्वभावाला धरून नाही.

चाचणी सुरू करण्याआधी ती भारतीय चाचणी नोंदणीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, नोंदवावी. आराखडा आणि अहवाल लिहिताना २०२० मध्ये आलेल्या स्पिरिट-एआय आणि कन्सॉर्ट-एआय या मार्गदर्शिका, आणि वॉर्डातील सुरुवातीच्या लहान चाचण्यांसाठी २०२२ ची डिसाइड-एआय ही मार्गदर्शिका हाताशी असावी.

रोजचे काम कसे असते?

सकाळच्या हँडओव्हरला वॉर्डात उभे राहून कोणत्या रुग्णाविषयी काय बोलले गेले हे टिपणे, एका पाळीत किती इशारे आले आणि प्रत्येकाचे पुढे काय झाले याचा माग काढणे, घड्याळ लावून नोंदी करण्यात गेलेला वेळ मोजणे, पाळी संपल्यावर दमलेल्या सिस्टरांशी दहा मिनिटे बोलणे. दुपारनंतर विद्यापीठात माहिती स्वच्छ करणे, विश्लेषण, नैतिकता समितीचा पत्रव्यवहार. कामाचा ताण मोजण्यासाठी नासा-टीएलएक्ससारख्या प्रश्नावल्या वापरल्या जातात, पण माझ्या मते पाळीच्या शेवटी भरून घेतलेल्या प्रश्नावलीपेक्षा रात्री तीन वाजता वॉर्डात बसून पाहिलेले अधिक सांगते. रात्रपाळी न पाहिलेल्या संशोधकाने रात्रपाळीच्या साधनावर मत देऊ नये.

रुग्ण मराठी बोलतो. ऐकून नोंद लिहिणारी साधने त्याचे बोलणे समजतात का?

हा प्रश्न महाराष्ट्रात काम करणाऱ्या संशोधकासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तो सोडवण्यासाठी बाहेरून कोणी येणार नाही.

आपले रुग्ण लक्षणे कशी सांगतात ते पाहा. "जीव घाबरा होतोय" असे म्हणणाऱ्या आजींना भीती वाटत असेल, दम लागत असेल, किंवा हृदयविकाराचा झटका येत असेल. अनुभवी सिस्टर हे वाक्य ऐकताच नाडीला हात घालते. साधनाने त्याची नोंद "रुग्ण चिंताग्रस्त" अशी केली, तर शब्दशः फारसे चुकले असे म्हणता येणार नाही, पण रुग्ण हातचा जाऊ शकतो. "अंगात कणकण आहे" म्हणजे ताप येऊ घातला आहे. "हातपाय गळाले", "छातीत चमक मारते", "डोळ्यांपुढे अंधारी येते", "पोटात आग पडते" यांतील प्रत्येक बोलण्याला वैद्यकीय वजन आहे, आणि ते प्रदेशाप्रमाणे, वयाप्रमाणे बदलते. त्यात मराठवाड्यातला रुग्ण, कोकणातली सिस्टर, हिंदी बोलणारे निवासी डॉक्टर आणि इंग्रजीत लिहिली जाणारी केस असा मेळ एकाच खाटेपाशी असतो.

अशा साधनाची पारख करताना किती शब्द बरोबर उतरले याची टक्केवारी काढणे पुरेसे नाही. दहा शब्दांतला एक चुकला आणि तो "नाही" हा शब्द असेल, तर नव्वद टक्के अचूकता रुग्णाच्या काही कामाची नाही. कोणत्या चुकीने रुग्णाला इजा झाली असती, याचे वर्गीकरण अनुभवी परिचारिकांकडून करून घ्यावे लागते. साधन जे बोललेच गेले नाही तेही लिहू शकते. व्हिस्पर या ध्वनिलेखन प्रणालीवर अमेरिकेत झालेल्या आणि २०२४ मध्ये मांडलेल्या अभ्यासात सुमारे १ टक्का ध्वनिफितींच्या लेखनात संपूर्ण वाक्ये किंवा वाक्यांश मनाने घातलेले आढळले, आणि त्यांतील ३८ टक्के मजकूर अपायकारक स्वरूपाचा होता. बोलण्यात विराम जास्त असले की हे अधिक घडत होते. धाप लागलेला, अर्धांगवायू झालेला, वेदनेने थांबत थांबत बोलणारा रुग्ण म्हणजे विरामच विराम. म्हणजे ज्याची नोंद सर्वांत अचूक हवी, त्याचीच नोंद बिघडण्याची शक्यता अधिक.

आमच्या रुग्णालयात अजून केसपेपर आणि टीपीआर (तापमान, नाडी, श्वसन) चार्टच आहेत. तेथे असे संशोधन होऊ शकते का?

होऊ शकते, आणि व्हायला हवे. साधन येण्याआधीची मोजणी नंतर करता येत नाही. प्रकृती खालावलेल्या रुग्णांचे जुने चार्ट काढून आधीचे २४ तास कसे गेले, शेवटचा श्वसनदर खरोखर मोजला होता की सवयीने २० लिहिला होता, डॉक्टरांना कधी कळवले गेले, एवढा अभ्यासही पुढच्या प्रत्येक निर्णयाचा पाया ठरतो. श्वसनदर हा बिघाडाचा लवकर कळणारा संकेत आहे आणि वॉर्डात सर्वांत निष्काळजीपणे लिहिला जाणारा आकडाही तोच आहे. त्यावर कितीही हुशार साधन उभे केले तरी ते डगमगणारच.

सर्व रुग्णांना साधन सारखाच न्याय देते का?

गृहीत धरू नये. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचे उदाहरण घ्या. २०२० मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यंत्र ऑक्सिजन पुरेसा दाखवत असताना रक्तात तो प्रत्यक्षात कमी असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के, तर गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के आढळले. हाच आकडा पुढे साधनाच्या पोटात जातो. आपल्याकडे त्वचेच्या किती छटा आहेत हे सांगायला नको. त्याशिवाय ज्या रुग्णाजवळ नातेवाईक नाही, ज्याची भाषा वॉर्डात कोणाला येत नाही, ज्याला जमिनीवरच्या गादीवर जागा मिळाली आहे, त्याच्या नोंदी मुळातच कमी होतात. नोंदी कमी म्हणजे साधनाच्या दृष्टीने धोका कमी, हा उलटा न्याय तपासून उघड करणे या पदाचे कर्तव्य आहे.

रुग्णांची संमती आणि माहितीची गोपनीयता यांचे काय?

संस्थेच्या नैतिकता समितीच्या मंजुरीशिवाय एकही चार्ट उघडू नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आणि आरोग्यक्षेत्रातील एआयसाठी तिनेच २०२३ मध्ये दिलेली स्वतंत्र तत्त्वे वाचलेली असावीत, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची जाण असावी. रोगनिदानासाठी किंवा उपचारासाठी असलेले सॉफ्टवेअर भारतात वैद्यकीय उपकरणांच्या नियमांखाली येऊ शकते, हेही लक्षात ठेवावे.

संमती फक्त रुग्णाची नसते. ज्या सिस्टरच्या हालचाली, वेळा आणि नोंदी आपण मोजतो, तिचीही संमती लागते, आणि तिला "नाही" म्हणता आले पाहिजे. इशाऱ्याला कोणी किती उशिरा प्रतिसाद दिला ही माहिती नावानिशी अधिसेविकांच्या टेबलावर गेली, तर दुसऱ्या दिवसापासून वॉर्डात कोणीही खरे बोलणार नाही. संशोधनाची माहिती शिस्तभंगाच्या कारवाईसाठी वापरली जाणार नाही, हे प्रशासनाकडून आधी लेखी घ्यावे.

कोण अर्ज करू शकते?

बहुतेक ठिकाणी परिचर्येची पदव्युत्तर पदवी, किंवा आरोग्यविज्ञान, सार्वजनिक आरोग्य, जैवसंख्याशास्त्र, माहितीशास्त्र यांतील पदव्युत्तर पदवी अपेक्षित असते, आणि वरिष्ठ पदासाठी पीएचडी. बीएस्सी नर्सिंगनंतर प्रकल्प सहायक म्हणून सुरुवात करता येते. जीएनएम, म्हणजे परिचर्येची पदविका, झालेल्या आणि पंधरा वर्षे वॉर्ड सांभाळलेल्या परिसेविका अटींमुळे मागे पडतात याचे मला मनापासून वाईट वाटते. प्रकल्प लिहिणाऱ्यांनी त्यांच्यासाठी मानधनासह सल्लागाराची जागा अंदाजपत्रकातच ठेवावी. ब्रिटनमध्ये अशी विद्यापीठीय पदे बहुधा ठरावीक मुदतीची असतात, आणि तेथील सरकारी रुग्णालयांत संशोधनासाठी पाऊल टाकण्याआधी वेगळी परवानगी व पार्श्वभूमीची तपासणी करून घ्यावी लागते, हे तिकडे अर्ज करणाऱ्यांनी वेळापत्रकात धरावे.

प्रोग्रामिंग आलेच पाहिजे का?

आले तर उत्तम, पण चमूत कोणाला तरी आले तरी चालते. संख्याशास्त्र मात्र स्वतःला समजले पाहिजे, कारण वरचे ११४ इशाऱ्यांचे गणित कोणी दुसऱ्याने करून दिले तर बैठकीत त्याच्या बाजूने उभे राहता येत नाही.

निधी साधन बनवणाऱ्या कंपनीचा असेल तर?

घेता येतो, पण करारात तीन गोष्टी असल्याशिवाय सही करू नये: कच्ची माहिती विद्यापीठाच्या ताब्यात राहील, निष्कर्ष काहीही आले तरी ते प्रसिद्ध करण्याचा अधिकार संशोधकांचा असेल, आणि मुख्य निष्कर्ष कोणता मोजायचा हे चाचणीआधी ठरून नोंदवले जाईल. "कंपनीच्या पूर्वसंमतीने प्रसिद्धी" असे कलम एका कराराच्या मसुद्यात माझ्यापुढे आले होते. ते काढेपर्यंत चार महिने गेले, आणि ते चार महिने योग्य कामी लागले असे मी आजही मानते.

अशा साधनांमुळे परिचारिकांची संख्या कमी केली जाईल का?

ही भीती खरी आहे आणि ती झटकून टाकू नये. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, युरोपातील ९ देशांच्या ३०० रुग्णालयांतील चार लाखांहून अधिक शस्त्रक्रियांच्या रुग्णांचा अभ्यास सांगतो की परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात ५८ लाख परिचारिकांची कमतरता होती. धावून जायला माणूसच नसेल तर इशारा कोणासाठी? म्हणून प्रत्येक मूल्यमापनात वॉर्डातील परिचारिकांची संख्या पाळीनिहाय नोंदवावी, आणि साधनावरील वार्षिक खर्चात किती परिचारिका नेमता आल्या असत्या याचा हिशेब अहवालात द्यावा. तो हिशेब प्रशासनाला आवडत नाही. तरीही तो द्यावा.

अर्जासोबत काय जोडावे?

प्रमाणपत्रे आणि अनुभवाचे दाखले सगळेच जोडतात. त्यांच्यासोबत एक पान स्वतःच्या शब्दांत, मराठीत लिहिले तरी चालेल, असे लिहावे: आकडे ठीक असतानाही एखाद्या रुग्णाविषयी तुम्हाला शंका आली होती तो प्रसंग, ती शंका कशावरून आली, तुम्ही ती कोणाला कोणत्या शब्दांत सांगितली, ती कोठे लिहिली, आणि पुढे त्या रुग्णाचे काय झाले. रुग्णाचे नाव, खाट क्रमांक किंवा ओळख पटेल असे काहीही त्यात नसावे. वॉर्डात काम न केलेल्यांनी एखाद्या अधिपरिचारिकेची परवानगी घेऊन तिचा असा प्रसंग ऐकावा आणि तिच्याच शब्दांत लिहून, तिला वाचून दाखवून, मग पाठवावा.